पहिल्या रात्रीचं छप्पर

पत्र: मावशी, मी २६ वर्षांची आहे. इंदूरला सुदामा नगरात राहते, सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरी करते. दोन वर्षं पैसे साठवून सप्टेंबरात एकटी, पाठीवर एक सॅक घेऊन प्राग आणि म्युनिकला गेले. प्राग छान झालं. म्युनिकला शनिवारी रात्री सव्वाअकराला बसनं उतरले. हॉस्टेलमध्ये सहा जणींच्या खोलीतला एक बेड दोन महिने आधी बुक केला होता, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तुमचं कार्ड चाललं नाही म्हणून बुकिंग दुपारीच रद्द झालंय, मेल पाठवला होता. बॅटरी वाचवायला मी बसमध्ये फोन बंद ठेवला होता. हॉस्टेल भरलेलं. बाहेर ऑक्टोबरफेस्टची, तिथल्या बिअरच्या जत्रेची गर्दी, प्यायलेली माणसं. चार हॉटेलं फिरले. तीन भरलेली, चौथ्यात एक खोली होती, ३४० युरोंची. शेवटी सॅकचा पट्टा पायात अडकवून पहाटे पाचपर्यंत स्टेशनवर बसून राहिले. घरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘पोहोचले, झोपते.’ अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात व्हिएन्ना आणि बुडापेस्टला जायचं मनात आहे, पण झोपताना तो बाक आठवतो. माझं कुठे चुकलं? पुन्हा जावं का? आणि आईला सांगू का?

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सॅकच्या पट्ट्याशी थांबले. परक्या देशात, रात्री दोन वाजता, पाय पट्ट्यात अडकवून जागं राहणं काय असतं ते त्या एका ओळीत कळलं. म्हणून आधी हे सांगते, की त्या रात्री तू जे केलंस ते बरोबर केलंस. उजेडात, माणसांच्या वावरात बसलीस. ओळख ना पाळख अशा कुणाच्या मागे गेली नाहीस. अंधाऱ्या रस्त्यांवर पाचवं, सहावं हॉटेल शोधत हिंडली नाहीस. तेवढं भान भल्याभल्यांना राहत नाही.

चूक झाली ती त्याआधी, इथे इंदुरात, बुकिंग करताना. ‘पैसे तिथे गेल्यावर द्या’ असं लिहिलेलं असलं की आपण समजतो, तोवर कार्डाला कुणी हात लावणार नाही. तसं नसतं. तुझ्या कार्डाचा नंबर घेतलेला असतो तो हमी म्हणून. तू पोहोचायच्या दोन-चार दिवस आधी, कधी कधी त्याच दिवशी, हॉस्टेलवाले त्या कार्डावर थोडी रक्कम अडवून बघतात, नाहीतर पहिल्या रात्रीचे पैसे काढायला जातात. पैसे निघाले नाहीत, की त्यांच्या लेखी तुझं येणं पक्कं नाही. एरवी ते एखादा दिवस वाट बघतील. गर्दीच्या दिवसांत तो बेड तासाभरात दुसऱ्याच्या नावावर जातो.

आणि आपलं कार्ड चाललं नाही याचं कारण बहुतेक अगदी साधं असावं. रिझर्व्ह बँकेनं २०२० साली नियम केला, की नवं दिलेलं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल. परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार ग्राहकानं स्वतः सुरू करायचे. नियम आपल्या भल्याचा आहे, चोरीला गेलेल्या कार्डावर कुणी बाहेरच्या देशात खरेदी करू नये म्हणून. पण बँकेच्या अ‍ॅपमधलं ते परदेशी व्यवहाराचं बटण कुणी आपल्याला दाखवून देत नाही. तू प्रागमध्ये फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परदेशी चलन भरून घेतलेल्या कार्डावर, खर्च केला असशील आणि बुकिंगला बँकेचं डेबिट कार्ड दिलं असशील, असा माझा अंदाज आहे. मग ते बटण बंद आहे हे तुला कळायला वावच नव्हता. आज हे पत्र वाचून झालं की अ‍ॅप उघडून बघ. बटण बंद दिसलं तर म्युनिकचं कोडं तिथेच सुटलं.

पुढच्या वेळी निघायच्या आठवडाभर आधी बटण सुरू कर, मर्यादा पुरेशी ठेव, खात्यात तेवढे पैसे ठेव, आणि घरी परतेपर्यंत बंद करू नकोस. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं घे. एक पाकिटात, एक सॅकच्या आतल्या कप्प्यात. काही ठिकाणी डिपॉझिटसाठी प्रीपेड फॉरेक्स कार्ड चालत नाही, म्हणून त्या एकावर भिस्त नको. मग निघायच्या चार दिवस आधी हॉस्टेलला सरळ दोन ओळींचा मेल टाक: माझं बुकिंग पक्कं आहे ना, कार्डाला काही अडचण नाही ना, मी अमुक वाजता पोहोचतेय. उत्तर आलं की त्याचा फोटो काढून ठेव. उत्तर आलं नाही तर फोन कर. इंग्रजीची भीड नको, समोरचाही बहुतेक वेळा दुसरी भाषा म्हणूनच बोलत असतो. आणि शक्य असेल तिथे पहिल्या रात्रीचे पैसे आधीच भरून टाक, परत मिळणार नाहीत असं लिहिलेलं असलं तरी. बाकीच्या रात्री मोकळ्या ठेवल्यास तर चालेल, पण पहिली रात्र पैसे भरून पक्की हवी. माझं या सगळ्या प्रकरणातलं एकच म्हणणं आहे आणि ते हेच. नव्या शहरात पहिल्या रात्रीचं छप्पर आधी ठरलेलं असावं आणि तिथे उजेडी पोहोचावं. दुसऱ्या दिवशी तू त्या शहराची झालेली असतेस, मग तुझं तू बघून घेशील.

प्रवासाच्या दिवशी फोन बंद ठेवू नकोस. बॅटरीची काळजी असेल तर चांगली पॉवर बँक घे. तो मेल दुपारी वाचला असतास तर तुझ्या हातात आठ तास होते.

आता ऑक्टोबरफेस्ट. बेडचा दर बघताना तुला तो चढा वाटला असणार, आणि जर्मनी महागच, असं म्हणून तू सोडून दिलं असशील. तिथेच थांबायला हवं होतं. परक्या शहरातला खोलीचा दर म्हणजे त्या शहराचं पंचांग समज. तुझी तारीख घाल, मग तोच बेड तीन आठवडे आधीच्या आणि तीन आठवडे नंतरच्या तारखेला बघ. दर दुप्पट-तिप्पट दिसला की त्या दिवशी गावात काहीतरी आहे: जत्रा, परिषद, सामना, मोठी सुट्टी. १८१० साली बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नाचा सोहळा झाला, त्यातून सुरू झालेला हा उत्सव नाव ऑक्टोबरचं लावतो, पण सुरू होतो सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी आणि संपतो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास. त्या अडीच आठवड्यांत साठ लाखांच्या आसपास माणसं येतात. तुझी बस जिथे थांबली तिथून उत्सवाचं मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे.

आपल्याला हे नवीन नाही गं. २०१६ च्या सिंहस्थात उज्जैनला जागा नाही म्हणून माणसं पंचावन्न किलोमीटर मागे, इंदुरात येऊन उतरत होती. त्या महिन्यात शाही स्नानाच्या आदल्या रात्री कुणी सॅक घेऊन महाकाळाच्या गल्लीत खोली शोधायला गेलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्यापाशी कुणी टॅक्सीनं हॉटेलच्या दारात उतरायचं म्हणालं तर? आपल्या गावाचे हे दिवस आपल्या अंगात असतात, दुसऱ्याच्या गावाचे विचारून घ्यावे लागतात. बुडापेस्टला ऑगस्टमध्ये सिगेट नावाचा मोठा संगीत महोत्सव असतो, आणि मोटारींच्या शर्यतीच्या आठवड्यात दर चढलेले असतात. तारखा ठरवण्याआधी हे बघ. विमानाचं तिकीट काढल्यावर बघून उपयोग नाही.

अशा दिवशी जावंच लागलं तर आपण सिंहस्थात जे करतो तेच करायचं, बाजूच्या गावात उतरायचं. म्युनिकपासून आऊग्सबुर्ग रेल्वेनं साधारण अर्ध्या-पाऊण तासावर आहे. त्या रात्री तू स्टेशनभोवती पायी गोल फिरलीस, आणि तिथेच गर्दीचा सगळा मारा होता. नकाशा फोनवर मोठा करून रेल्वेच्या रुळांवरून बाहेर बाहेर बघत गेली असतीस, शेवटची गाडी सुटायच्या आत, तर कदाचित जागा मिळाली असती. हे दोष द्यायला सांगत नाही. थकलेल्या माणसाला नकाशा लहानच दिसतो.

आणखी एक गोष्ट, जी मला आपल्या इंदूरच्या मुलामुलींच्या बाबतीत नेहमी जाणवते. आपल्याला रात्री अकरा म्हणजे रात्र वाटतच नाही. सोन्याची दुकानं बंद होतात तेव्हा सराफ्याचा खाऊबाजार उघडतो. अकरा वाजता भुट्ट्याचा कीस खायला आजी-आजोबांसकट घर बाहेर पडतं, रस्त्यात ओळखीची चार माणसं भेटतात. त्या सवयीनं आपण ‘सव्वाअकराला पोहोचते’ हे अगदी सहज ठरवून टाकतो. तिकडे लहान हॉस्टेलांचं काउंटर दहा-अकराला बंद होतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनातली काही सोडली तर. म्हणून वेळ ठरवताना आपलं घड्याळ बाजूला ठेव. दुपारी दोन ते पाच ही नव्या शहरात उतरायची वेळ. खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीननंतरच मिळते. लवकर पोहोचलीस तर सॅक ठेवून घेतात. स्वस्त विमानांपासून जपून राहा. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब आहे, आणि म्युनिकचं नाव लावणारा मेमिंगनचा विमानतळही तसाच लांब. तिकिटात वाचवलेले पैसे रात्रीच्या टॅक्सीत जातात. व्हिएन्ना ते बुडापेस्ट रेल्वेला तीन तासही लागत नाहीत, तेव्हा तिथे रात्री पोहोचायचं काही कारणच नाही.

रात्रीचंच विमान असेल आणि पहाटे दोनला उतरणार असशील, तर तारखेचा घोळ होतो, तो नीट समजून घे. १५ तारखेच्या पहाटे दोनला तुला झोपायचं असेल, तर बुकिंग १४ चं हवं. आपल्या पंचांगात सूर्योदयाची तिथी धरतात ना, हॉटेलवाल्यांचंही तसंच आहे. रात्र ज्या तारखेला सुरू झाली, ती तारीख. १५ चं बुकिंग करून पहाटे दोनला दारात उभी राहिलीस तर ते म्हणतील, दुपारी तीनला या. आणि मध्यरात्रीनंतर अ‍ॅपवर ‘आज’ची खोली शोधायला गेलीस तर अ‍ॅप तुला येणारी रात्र दाखवेल, चालू रात्र नाही. त्या वेळी फोन करून ‘आत्ता, या घडीला खोली आहे का’ असंच विचारायचं.

पत्ता हाही एक मोठा विषय आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात मी आणि तुझे काका बर्लिनला गेलो होतो. एका घरातली खोली घेतली होती. पाऊस, संध्याकाळचे साडेसात, आणि आम्ही बरोबर नंबरच्या दारापुढे उभे. दाराशेजारी पितळी पट्टीवर वीसेक बेल. एकीवरही घरनंबर नाही, सगळ्यांवर आडनावं. आमच्या बुकिंगच्या कागदावर बाईंचं फक्त पहिलं नाव. कुठली बेल दाबायची? छत्री एक, तीही उलटी होणारी. पंधरा-वीस मिनिटांनी एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन परत आली. मी काही न बोलता कागद पुढे केला. तिनं चष्मा कपाळावर चढवला, वाचलं, आणि बोटानं आत, अंगणापलीकडे दाखवलं. रस्त्यावरची इमारत वेगळी आणि तिच्या पाठीमागच्या चौकातली वेगळी, दोघींचा नंबर तोच. आपल्या वाड्यात पुढचा सोपा आणि मागचा सोपा असतो तसं. ती बाई आम्हाला जिन्यापर्यंत सोडून गेली. तेव्हापासून मी खोली घेताना विचारते: बेलवर कुठलं नाव आहे, इमारत पुढची की मागची, कितवा मजला, किल्ली कोण देणार, आणि ते माणूस नसलं तर दुसरा फोन कुणाचा. व्हिएन्नात पत्ता १२/२/१५ असा लिहिलेला दिसेल. म्हणजे घर १२, त्यातला २ नंबरचा जिना, आणि १५ नंबरचं दार. पिनकोड १०७० असेल तर मधले दोन आकडे ०७, म्हणजे सातवा विभाग. एवढं कळलं तरी निम्मा शोध वाचतो. हा सगळा मजकूर कागदावर लिहून घे, फोनमध्ये असला तरी.

टॅक्सीवाला ‘ते हॉटेल बंद पडलंय, मी चांगलं दाखवतो’ म्हणाला, तर नवी दिल्ली स्टेशनबाहेर परदेशी लोकांना जे सांगतात तेच तुला सांगतोय असं समज. आणि घरमालक अ‍ॅप सोडून थेट खात्यात पैसे मागू लागला तर ती खोली सोडून दे. तिथे खोली असेलच असं नाही.

आता तरीही वेळ आलीच तर. काउंटरवरून लगेच हटू नकोस. हा तुझा पहिला हक्काचा माणूस आहे, तो जागा आहे, त्याला गाव माहीत आहे. त्याला विचार, कुणी अजून आलेलं नाही असा बेड बारानंतर सुटेल का? ओळखीच्या दुसऱ्या हॉस्टेलला एक फोन लावाल का? सॅक इथे ठेवू का? आणि काहीच नाही जमलं तर सकाळपर्यंत इथे खुर्चीवर बसू का? शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते. विचार. पुष्कळ ठिकाणी हो म्हणतात, आणि स्टेशनच्या बाकापेक्षा ती खुर्ची बरी.

स्टेशनवर तू होतीस तेव्हा तुझ्यापासून काही पावलांवर एक दार होतं, ते तुला ठाऊक नव्हतं याची मला हळहळ वाटली. जर्मनीत शंभराहून जास्त स्टेशनांवर ‘बानहोफ्समिसिओन’ नावाची सेवा आहे. चर्चच्या संस्था ती चालवतात, पण धर्म कुणी विचारत नाही. तिची सुरुवात १८९४ मध्ये बर्लिनला झाली, आणि ती नेमकी कशासाठी? खेड्यापाड्यांतून कामाच्या शोधात शहरात उतरणाऱ्या एकट्या मुली चुकीच्या माणसांच्या हाती लागू नयेत म्हणून. म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरची ही जागा चोवीस तास उघडी असते. गरम चहा, बसायला जागा, फोन करायला मदत. हॉटेल नव्हे ते, पण एकट्या मुलीला रात्रभर पायात पट्टा अडकवून बसावं लागणार नाही एवढं नक्की. व्हिएन्नाला निघण्याआधी तिथे अशी सोय काय आहे, ती कुठे आहे, हे बघून वहीत लिही. युरोपभर ११२ हा मदतीचा नंबर आहे. म्युनिकमध्ये आपला वाणिज्य दूतावासही आहे. पासपोर्ट हरवला, कुणी त्रास दिला, तर तिथे. खोली मिळत नाही यासाठी तो नाही, पण पत्ता जवळ असू दे. मोठे विमानतळ बरेचसे रात्रभर उघडे असतात आणि तिथे बसलेल्या माणसाकडे कुणी संशयानं बघत नाही, हेही लक्षात ठेव.

३४० युरोंचं विचारशील. मी तुझ्या जागी असते तर घेतली असती ती खोली? स्टेशन उजेडी आणि माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा तू नाही घेतलीस ते समजू शकते. पण ते नाही परवडत म्हणून घेतली नाहीस, हे मला खटकलं. प्रवासाच्या पैशांत एक अडीनडीची रात्र मांडलेली असावी. इतर कशालाही न वापरायची, वेगळ्या कार्डावर. लागली नाही तर घरी परत येते. जेवणात, फिरण्यात, वस्तूंत काटकसर कर. एकट्या मुलीनं रात्रीच्या सुरक्षिततेत काटकसर करायची नाही.

व्हिसाच्या बाबतीत एक सांगायचं राहिलं. युरोपच्या व्हिसासाठी राहण्याचा पुरावा आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्या पुराव्यासाठी काही एजंट खोटी बुकिंगं करून देतात, किंवा व्हिसा लागला की सगळी रद्द करायला सांगतात. नको ते. सीमेवरचा अधिकारी ‘कुठे उतरणार’ विचारू शकतो, आणि मुख्य म्हणजे त्या नादात तू छपराविना विमानात बसतेस. खरी, फुकट रद्द करता येणारी बुकिंगं कर. बदललीस तर नवी झाल्यावरच जुनी सोड.

हॉस्टेलबद्दल तुझ्या मनात आता अढी बसू नये असं मला फार वाटतं, म्हणून त्याची गोष्ट सांगते. रिचर्ड शिरमान नावाचा एक जर्मन शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. २६ तारखेला वादळात सापडले. रात्र झाली, थारा मिळेना. शेवटी सुट्टीमुळे रिकामी असलेली एक शाळा मिळाली, बाकं बाजूला सारून गवताच्या पेंढ्यावर मुलं झोपली. बाहेर गडगडाट चालू असताना या मास्तरला झोप लागेना, आणि पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं, की सुट्टीत प्रत्येक गावातली शाळा अशी रात्रीपुरती उघडी ठेवली तर? १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात त्याचं हॉस्टेल उघडलं. तुझ्याआधी शंभर वर्षं, रात्री थारा न मिळालेल्या एका माणसामुळे तू प्रागमध्ये स्वस्तात राहू शकलीस. आपल्याकडे मनालीच्या ट्रेकला मुलं ज्या यूथ हॉस्टेल संस्थेतर्फे जातात, ती त्यातूनच जगभर पसरलेल्या हॉस्टेलांच्या जाळ्यातली. तिचं सभासद कार्ड काढून घे. बाहेरच्या त्या जाळ्यातल्या हॉस्टेलांत ते चालतं, आणि जर्मनीत तर त्या हॉस्टेलांत राहायला सभासदत्व लागतंच.

आणि आपण तर होळकरांच्या गावचे. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले ते आपल्या रयतेपुरते नव्हेत. कुठल्याही मुलखातून पायी आलेल्या परक्या माणसाला रात्री पाठ टेकता यावी म्हणून. तू ज्या विमानतळावरून निघालीस त्याला त्यांचंच नाव आहे. परक्या गावात जागा मागणं यात कमीपणा नाही हे आपल्याला निराळं शिकवावं लागू नये. मराठी मंडळं युरोपातल्या बऱ्याच शहरांत आहेत. राहायला जागा मागायला नाही, पण ‘या तारखांना गावात काही आहे का, कुठला भाग बरा’ एवढं विचारायला त्यांना आधी एक निरोप टाक. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही असं माझ्या बाबतीत अजून झालेलं नाही.

बेडबद्दल थोडक्यात: फक्त मुलींची खोली, स्वतःचं कुलूप, कानात घालायचे बोळे, आणि गेल्या तीन महिन्यांतले अभिप्राय वाचणं, त्यातही एकट्या बायकांनी लिहिलेले. बाकी तुला प्रागनं शिकवलंच आहे.

पुन्हा जावं का? जा. बाक आठवतो तो त्या रात्रीचं तू कुणाशीच बोलली नाहीस म्हणून, असं मला वाटतं. तीन महिने ती रात्र तू एकटीनं सांभाळली आहेस. आता आईकडे वळते.

सांग. पुढच्या प्रवासाला परवानगी हवी म्हणून नव्हे. तू कमावती आहेस, परवानगी ती नाकारणारही नाही कदाचित. पण ‘पोहोचले, झोपते’ या निरोपावर ती त्या रात्री झोपली होती. हे तिला उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर पुढच्या प्रत्येक प्रवासात तुझ्या प्रत्येक निरोपावर तिचा जीव टांगणीला लागेल. आणि तुझं म्हणशील तर, त्या रात्री खोटं लिहिलंस ते तिला घाबरवू नये म्हणून, हे मला कळतं, पण फोनच्या पलीकडे एक जागं माणूस असतं तर ते तुझ्यासाठी इथून आऊग्सबुर्गची खोली शोधू शकलं असतं. एकटीनं प्रवास करायचा म्हणजे घरच्यांना बाहेर ठेवायचं असं नाही. भाऊ, मैत्रीण, कुणीतरी एक असं ठरव, की ज्याला रात्री कितीही वाजता खरं लिहायचं.

सांगताना हातात काहीतरी घेऊन जा. पुढच्या प्रवासाचा कागद: तारखा, गाडीची वेळ, पहिल्या रात्रीचा पत्ता, बेलवरचं नाव, हॉस्टेलचा फोन, दुसरी सोय. तो फ्रिजवर लाव. आई आधी रागावेल, मग गप्प होईल, मग तीनदा तेच विचारेल. विचारू दे. बाबा उठून आतल्या खोलीत जातील, ते थोड्या वेळानं बाहेर येतात.

रविवारची सकाळ बरी, पोहे-जिलबी झाल्यावर, सगळे घरात असताना. सुरुवात कार्डाच्या बटणापासून कर. पट्ट्याचं शेवटी सांग, आणि ते सांगताना आईच्या शेजारी बसलेली अस.

तुझी,
मावशी